ओलं खोगीर

काल नेकनूरच्या बाजारात कुणीतरी तट्टावरचं खोगीर उतरवलं आणि त्या घामट वासानं मला निजामाच्या मोगलाईतली एक दुपार आठवली.

मोती नावाचं तट्टू मी हातानं दूध पाजून वाढवलेलं. माझा धाकटा भाऊ बापू तहसीलदाराच्या पोरांना त्याच्यावर बसायला शिकवायचा.

"आठवड्याचे चार दिस लई झाले. तीन दिस त्याची पाठ मोकळी ऱ्हाऊ दे," मी बजावलं होतं.

"तू म्हणशील तसं, आक्का."

मोतीच्या सुट्टीच्या दिवशी बापू त्याला चरायला न्यायचा, येताना नदीवर धुऊन आणायचा. किती जीव लावतो, म्हणून मी त्याला तांब्याभर ताक द्यायची.

त्या दुपारीही दिलं. मग उन्हात टाकावं म्हणून खुंटीवरचं खोगीर काढलं, तर ते घामानं चिंब, अजून कोमट. मोतीच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानं अंग चोरलं.

"बापू, आज सुट्टी हाय न्हवं?"

"सायबाच्या पोरास्नी न्हाई कसं म्हणू, आक्का?"

साहेबाला नाही म्हणता येत नव्हतं, हे आज कळतं. पण तो नदीवर जायचा ते घाम लपवायला. आणि त्याच धुण्याच्या कौतुकाचं ताक पिताना त्याचा घोट एकदाही अडकला नाही.