म्हशीच्या घशात काहीच नव्हतं

डिसेंबरातला मंगळवार, दुपारचा एक. परभणी तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. शिल्लक: रेबीजच्या लशीचा एक डोस. हजर: केंद्राच्या डॉक्टर मॅडम, एका गावच्या सरपंचबाईंचे यजमान आबा, जनावरांचा डॉक्टर म्हणून मी, आणि दाराशी माणिकराव, ज्यांची म्हैस त्याच सकाळी मेली होती. आबांच्या सदऱ्याची बाही वर सरकवलेली होती.

रविवारी आबा आणि माणिकरावांच्या गावात सप्ताहाची समाप्ती होती. त्या दिवशी घरोघरचं दूध एकाच कढईत जातं, खीर होते आणि सगळा गाव पंगतीला बसतो. माणिकरावांच्या म्हशीचंही दूध गेलं.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. म्हैस घास घेत नव्हती. लाळेच्या तारा लोंबत होत्या. ओरडायची, पण आवाज घोगरा.

"उसाचं कांडं अडकलं असंल म्हणून मी काल कोपरापतुर हात घातलता," माणिकराव म्हणाले. "काईच न्हाई लागलं."

मी त्यांचा हात बॅटरीच्या उजेडात बघितला. कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या, त्यात म्हशीच्या दाढेने सोललेलं मनगट. कुत्रं चावलं होतं का, विचारलं. महिन्यापूर्वी गोठ्यात एक कुत्रं शिरून म्हशीच्या नाकाडाला झोंबलं होतं. हळद लावली होती.

रेबीजचा विषाणू चाव्यातून शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. मग घसा लुळा पडतो. जनावराला गिळता येत नाही, मालकाला वाटतं काहीतरी अडकलंय, आणि तो नेमका तिथे हात घालतो जिथे विषाणू भरलेला असतो. लाळेत. माणसात लक्षणं दिसली की पुढे उपचार नाही. त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो.

मी त्यांना साबण लावून, वाहत्या पाण्याखाली हात बराच वेळ धुवायला लावला. रात्रीच परभणीला चला म्हणालो. म्हैस तडफडत असताना ते निघेनात. सकाळी पहिल्यांदा जातो, असा शब्द दिला. सकाळी म्हैस मेली, आणि तिला खोल पुरल्याशिवाय गावाने त्यांना हलू दिलं नाही.

गाव स्वतः मात्र हललं. आबांनी टेम्पो केला आणि खीर खाल्लेली माणसं भरून आरोग्य केंद्रात उतरवली. मॅडमनी समजावलं की खीर उकळलेली आहे, उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही, कुणालाही लशीची गरज नाही. आबांनी मॅडमच्या वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी मॅडमना सांगितलं, लोकांचा रोष नको, देऊन टाका. लशीची एक बाटली चार-पाच जणांना पुरते. एकेक करून सगळ्या संपल्या.

मी माणिकरावांना मोटरसायकलवर घेऊन पोचलो तेव्हा शेवटच्या बाटलीत एकाचंच माप उरलं होतं.

"आबा, बाही खाली करा," मी म्हणालो.

"डॉक्टर, तुमी जनावराचे. माणसाचं आमाला शिकवू नका."

"आजार जनावराचाच आहे. यांनी तिच्या तोंडात हात घातलाय. तुम्ही काय घातलंय?"

"मी बी दोन वाट्या खीर खाल्ली. लोकांनी निवडून दिलंय मला."

"तुम्हाला नाही. वहिनींना."

रांगेत कोणीतरी हसलं. आबा उठले नाहीत. मॅडम उठल्या, सिरिंज घेऊन माणिकरावांकडे गेल्या आणि त्यांच्या दोन्ही दंडांवर लस टोचली. सकाळपासून त्यांनी स्वतःच्या मनाने केलेलं ते पहिलं काम असावं.

लशीचा परिणाम व्हायला दिवस लागतात. तोवर विषाणूला अडवणारं वेगळं इंजेक्शन जखमेतच द्यावं लागतं. ते परभणीत मिळालं. तासाभराने त्याच केंद्रात पिंडरीला कुत्रं चावलेली एक म्हातारी आली, तिलाही परभणीलाच पाठवावं लागलं. फ्रीज रिकामा होता.

तीन दिवसांनी दुसरा डोस होता. टेम्पोतल्यांपैकी कोणीही आलं नाही. मॅडमनी निरोप धाडला. उत्तर आलं की आता बरं वाटतंय. त्यांना आधीही बरंच वाटत होतं. माणिकराव चारही डोसांना आले, आज धडधाकट आहेत. आबा परवा बाजारात भेटले. म्हणाले, वेळेवर टेम्पो केला म्हणून गाव वाचलं.

जनावर गिळत नसेल तर तोंडात हात घालू नका, डॉक्टरला बोलवा. आणि उकळलेल्या खिरीसाठी लशीच्या रांगेत उभे राहू नका.

केंद्रातली सगळी लस त्या दिवशी संपली. गरज होती ती माणिकरावांना आणि त्या म्हातारीला. माणिकरावांना शेवटचा डोस मिळाला. म्हातारीला परभणीची चिठ्ठी मिळाली.