याकूबभाईंच्या डब्यातला आवाज

याकूबभाई बंद पडलेला मोबाईल आधी कानाला लावत. बॅटरी, स्क्रू वगैरे सगळं नंतर. मूल गावच्या बाजाररस्त्यावर माझं नव्या मोबाईलचं दुकान, आणि त्याच्याच ओट्यावर त्यांचं दुरुस्तीचं टेबल. गिऱ्हाइकांसमोर मी चेष्टा करायचो, "काय म्हणते पेशंट, भाऊ?" ते डोळे न उघडता म्हणत, "चूप बस ना बे. मेला नाई तो. थांबला आहे."

त्या वर्षी माझ्या दुकानावर नव्या मॉडेलचा फलक लागला, 'लवकरच येत आहे', आणि उन्हाने पिवळा पडला. परदेशातल्या कारखान्यात त्याची नवी चिपच जमत नव्हती. कंपनीचा माणूस दर महिन्याला पुढचा महिना सांगे. "केसापरीस बारीक करून राह्यले ते," याकूबभाई म्हणाले, "घाई कराल त बिघडनच." नवा येणारच या भरवशावर मी माझा जुना मोबाईल हौसेने उघडला आणि त्याचा बोर्ड जाळून बसलो. गावाला मोबाईल विकणारा मी, स्वतः बिनमोबाईलचा!

याकूबभाईंचा एक पत्र्याचा डबा होता. त्यातल्या प्रत्येक मोबाईलला दोरा बांधलेला. "त्याले हात नोको लावू. कबाड नाई ते, अमानत आहे."

एका शुक्रवारी ते नमाजला गेले आणि मी हात लावला. डब्यात हुबेहूब माझ्याच मॉडेलचा एक निघाला. दोरा तोडला, बोर्ड काढून माझ्या मोबाईलमध्ये बसवला, माझं सिम घातलं. सुरू झाला! फक्त कुलुपाचा आकडा मागत होता. म्हटलं, आतलं सगळं पुसून टाकू. त्यासाठीच्या बटणांवर बोटं ठेवली, तेवढ्यात दोन वाजले, आणि माझ्या तळहातातून एक अनोळखी पोरगा बोलला, "माय, गोळी घेतली का वं? घे आधी. पाणी पी."

दुकानात कोणी नव्हतं. वीज गेलेली, पंखा थांबलेला. तो पुन्हा बोलला, त्याच समजुतीच्या सुरात. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "घेतो."

वर पाहिलं तर दारात याकूबभाई. त्यांनी एवढंच विचारलं, "पुसलं का?"

"नाही."

त्यांनी मोबाईल माझ्या हातून काढून घेतला. "भामरागडकडच्या एका बाईचा पोरगा आहे. मागच्या पावसाळ्यात पुरात गेला. मोबाईल गाळात सापडला. आवाज भरून अलार्म लावला होता त्यानं मायसाठी. वरीसभर मागं लागलो, परवा बोलला. पुलावरचं पाणी उतरन, ती येईन, म्हनून ठेवला होता." मला एक शिवी दिली नाही. तेच जास्त लागलं.

बोर्ड मी परत त्या पोराच्या मोबाईलमध्ये बसवून दिला. पूल मोकळा झाल्यावर ती आली. याकूबभाईंनी तिला बसवलं आणि घड्याळाकडे पाहत राहिले. दोन वाजता पोरगा बोलला. ती रडली नाही. पदराची गाठ सोडून गोळी काढली, "घेतो बापा," म्हणाली आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायली.

याकूबभाई गेल्या उन्हाळ्यात गेले. डबा माझ्याकडे आला. त्यात त्यांचाही मोबाईल आहे. दोरा त्यांनीच बांधलेला. आता बंद मोबाईल मीही आधी कानाला लावतो, गिऱ्हाइकं हसतात. त्यांचा मात्र अजून उघडला नाही. परवा कानाला लावला तर आत काहीतरी खरखरलं.

मी घाईघाईने म्हटलं, "हात नाही लावला, भाऊ."