एकशे सत्तावीस दात

१९७४ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. सांगलीच्या वर्कशॉपात मिलिंग मशीनपाशी बसून पत्र्यावर खडूनं एकशे सत्तावीसला भागत होतो. दोनानं जाईना, तिनानं जाईना, सातानं जाईना.

इस्लामपूरच्या इब्राहिमभाईंचा हळद पॉलिश करायचा ड्रम बंद होता. त्याचं मोठं गिअर फुटलं होतं. तसंच नवं कापायचं. दात एकशे सत्तावीस.

सारखे दात पाडायला डिव्हायडिंग हेड लागतं. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की गिअर एकदा फिरतं. हँडलमागं भोकांची प्लेट, हँडल किती फिरवायचं ते भोकं मोजून धरायचं. एकोणीस भोकांच्या रिंगेवर चाळीस फेऱ्यांची सातशे साठ भोकं होतात. दाताला सहा भोकं धरली तर लागतात सातशे बासष्ट. दोन कमी.

मालक डिप्लोमा झालेले. म्हणाले, "मिस्त्री, कुठवर आलात?"

"एकोणनव्वदानं बी भागून झालं. पुढं चाललोय."

"आवं, अकरावर थांबायचं असतं, बारा गुणिले बारा एकशे चव्वेचाळीस, आकडा ओलांडला. याला कशानंच भाग जात नाही. कोल्हापूरला गिअरच कापायचं हॉबिंग मशीन आहे, तिकडं पाठवू."

मी शाळा तिसरीत सोडलेली. पण वीस वर्षांत माझ्या मशीनवरचं काम बाहेर गेलं नव्हतं.

"ह्ये हितंच हुईल. न्हाई झालं तर ह्या मशीनला हात लावणार न्हाई."

इब्राहिमभाई स्टुलावर चहा पीत होते. हसून म्हणाले, "शब्द तुमचा, मिस्त्री. पण ड्रम माझा हाय."

मी एकशे पंचवीस दातांना सहा-सहा भोकं दिली आणि समोरासमोरच्या दोघांना पाच. झाली सातशे साठ. ते दोन दात तिसऱ्या हिश्श्यानं बारीक झाले. एकशे सत्तावीसांत डोळ्याला चटकन कळत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं इब्राहिमभाई दोन्ही गिअर पोत्यात घालून आले. बारीक दात दोन्ही तुटले होते. मोठ्या गिअरला लागून फिरणारं लहान गिअर, म्हणजे पिनियन, त्याचे वीसच्या वीस दात खाल्लेले.

"टक् टक् वाजायचं. म्हटलं नवं हाय, बसंल."

मी म्हणालो, "बारीक दोनच हुते. वीस कसं खाल्लं?"

मालकांनी दात मापून पाहिले. मग मी दोघांनाही दोन भोकांचं सांगितलं. मालक हळू बोलले. "वीसला नि एकशे सत्तावीसला एकाच आकड्यानं भाग जात नाही. म्हणून मोठ्याचा प्रत्येक दात फिरत फिरत लहानाच्या प्रत्येक दाताला भेटतो. झीज सगळ्यांत वाटली जावी म्हणून तर बनवणारा असला आकडा घेतो. तुमचे दोन दातही सगळ्यांना भेटले."

पिनियन मशीनबरोबर परदेशातून आलेलं, तसलं कडक केलेलं पोलाद इकडं मिळत नव्हतं. दुसरं यायला चार महिने. हळदीचा हंगाम तोवर संपणार.

इब्राहिमभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "दोन भोकं कमी पडली ते मला सांगायचं हुतं, मिस्त्री. मी कोल्हापूरला गेलो असतो."

ज्या आकड्याला भाग जात नाही, त्याला तो जात नाही. मिस्त्रीच्या हट्टानं चूक तेवढी वाटली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मिलिंग मशीन पुसलं, तेल दिलं, डिव्हायडिंग हेडचं हँडल काढून मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि ड्रिल मशीनवर भोकं पाडायला उभा राहिलो.