स्मशानभूमीचं छत

नगरपालिकेत मी सत्ताधारी पक्षाची नगरसेविका होते. शेजारच्या वॉर्डातल्या भाभी, एका गुजर शेतकरी घरातल्या, विरोधी पक्षाच्या. प्रचारात दोन्हीकडच्या पोरांची डोकी फुटली होती, त्यामुळे सभेत आम्ही एकमेकींकडे बघणंही टाळायचो.

एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. पाणी दिलं, ते हातातच धरून बसल्या.

"ताई, मन्हा मालक रोज सपनमा येतस," त्या म्हणाल्या. "वल्लाचिंब भिजेल."

आमच्या स्मशानभूमीला छत नव्हतं. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या नवऱ्याची चिता अर्ध्यात विझली होती. मुलाने डिझेल ओतून कसंबसं उरकलं आणि आईला काही सांगितलं नाही. पण गावात असं काही झाकून राहत नाही.

"भाभी, तुमना पक्षना लोके काय म्हनतीन?" मी विचारलं.

"मरी गयेल मानुसले पक्ष ऱ्हास का?"

छताचा ठराव त्यांनी मांडायचा आणि मी अनुमोदन द्यायचं, असं ठरलं. आमच्या पक्षाला त्याच निधीतून बसस्टँडजवळ स्वागत कमान हवी होती. त्यांच्या पक्षाला हा प्रश्न पुढच्या निवडणुकीसाठी राखून ठेवायचा होता. मी हात वर केला. मग एकेक करत दोन्हीकडचे हात वर गेले. ज्यांच्या घरात पावसाळ्यात कुणी गेलं होतं, त्यांचे बहुतेक. ठराव जेमतेम मंजूर झाला.

नवरा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. पुढच्या निवडणुकीत दोघींचीही तिकिटं कापली.

छत मात्र झालं. त्याखाली पहिली चिता भर पावसात नीट जळली, तेव्हा मी समाधानाने भाभींकडे गेले.

"आते येतस का सपनमा?"

"येतस. छतखाले उभा ऱ्हातस. तरी भिजेलच."

नंतर मुलाने त्यांना सुरतेला नेलं. घराला कुलूप लागलं.

त्यांच्या नवऱ्याला मी कधी जवळून पाहिलंही नव्हतं. पण अलीकडे झड लागली की भर दुपारी वाटतं, आमच्या ओट्यावर कुणीतरी आडोशाला उभं आहे. मी उठून दार उघडते.

"कोन उना?" आतून नवरा विचारतो.

"कोनी नही," मी सांगते, आणि दार तसंच उघडं ठेवते.