पडणे : नो

“हे अंकल आपले बेस्ट पेशंट आहेत. डायरी बघितली ना त्यांची? एकपण डाग नाही. आज डोस डबल होणार त्यांचा.”

काचेच्या दाराआड संशोधन विभागातली मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती. दार नीट लागलेलं नव्हतं. आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो, पॅथॉलॉजीच्या रांगेपासून जरा बाजूला. आईने ऐकलं नसावं. बाबांनी ऐकलं. त्यांनी कॉलर सरळ केली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघितलंस ना, अशा.

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. त्या बेस्ट डायरीतलं अक्षर न् अक्षर माझं होतं, आणि त्यातलं बहुतेक खोटं होतं.

आदल्या वर्षी बाबांच्या हृदयाचं दुखणं निघालं. पाय सुजले, बदलापूरला मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगचे तीन जिने चढताना धाप लागायला लागली, आणि मग आठ दिवस ॲडमिट. घरी सोडताना डॉक्टरांनी या अभ्यासाबद्दल, म्हणजे एका औषधाच्या चाचणीबद्दल, सांगितलं. नेहमीच्या औषधांबरोबर एक नवी गोळी. काहींना खरी, काहींना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. संमतीपत्र चांगलं जाडजूड होतं आणि डॉक्टरांनी ते आमच्यासमोर खरोखर वाचून दाखवलं, एवढं कबूल करायला हवं. तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, म्हणाले. नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, म्हणाले. बाबांनी दोन्हीला मान हलवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “असं म्हणायची पद्धत असते. एकदा नाव कटलं की कोण विचारतो?”

त्याआधी बाबा साध्या ओपीडीत जायचे तेव्हा दोन तास बसून दोन मिनिटं मिळायची. अभ्यासात गेल्यावर अर्धा तास मिळायला लागला. एसीची खोली, चहा, बिस्किटं. ती मुलगी माझ्याच वयाची होती, इथलीच, हिंदी-मराठी एकत्र बोलायची. “आओ अंकल, बसा ना. कसे आहात? झोप येते ना बराबर?” आमच्या घरात हा प्रश्न बाबांना कोणी विचारत नाही, कारण ते चिडतात. तिथे ते उत्तर द्यायचे, सविस्तर. बिल्डिंगच्या खाली दोन-चार रिटायर्ड लोक बसतात, त्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं, मी स्टडीत आहे म्हणून. नोकरी संपून चार वर्षं झाली होती. त्यानंतर पहिल्यांदाच त्यांना कुणाला तरी रिपोर्ट करायचा होता.

रिपोर्ट कसा करायचा ते बाबांना चांगलं माहीत होतं. अंबरनाथला आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टीचे अधिकारी होते. गेटवर एक बोर्ड होता, शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले ते दाखवणारा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा असायची तेव्हा घरच्यांना आत नेत, तेव्हा बाबा मला आधी तो बोर्ड दाखवायचे. त्यांच्या काळात तो आकडा शून्यावर आला नाही. कसा आला नाही ते जेवताना सांगायचे. कुणाचं बोट चेचलं तर त्याला कंपनीच्या दवाखान्यात न्यायचं नाही. स्कूटरवर मागे बसवायचं, गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडे टाके घालायचे, आणि रजेच्या अर्जात ताप लिहायचा. “तापाला कोण नाही म्हणणार?” असं म्हणून हसायचे. आईपण हसायची. मीसुद्धा हसायचे. ती त्यांची हुशारी आहे असंच मला वाटायचं, निदान दहावीपर्यंत तरी.

डायरी मराठीतही मिळत होती. बाबांनी इंग्लिश घेतली. “मराठीत दिलं की वाचत नाहीत नीट. आणि आमच्या इंग्लिश मॅडम आहेत की भरायला.” मॅडम म्हणजे मी. बँकेचे फॉर्म, सोसायटीला पत्रं, गॅसवाल्याला तक्रार, सगळं सातवीपासून माझ्याकडे आहे. शिकवलं कशाला मग, असं बाबा म्हणतात. आता मी घरून काम करते. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना ईमेलवर उत्तरं देते. दिवसभर लिहिते आणि दिवसभरात घरात दहा वाक्यंसुद्धा बोलत नाही. माझ्या न बोलण्याचा घरात सगळ्यांना फार उपयोग होतो.

डायरीत रोजचं एक पान होतं. सकाळचं प्रेशर, संध्याकाळचं प्रेशर, चक्कर आली का, मळमळ झाली का, पडलात का. पहिल्या आठवड्यात मी रोज विचारून लिहिलं. मंगळवारी सकाळी बाबा खुर्चीतून उठताना टेबल धरून उभे राहिले, डोळे मिटून. मी ‘चक्कर’समोर ‘येस’ लिहिलं.

पुढच्या व्हिजिटला त्या एका ‘येस’ने दोन तास घेतले. किती वाजता, किती मिनिटं, बसून की उभं राहून, खाल्लं होतं का. पुन्हा रक्त. पुन्हा ईसीजी. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून येईपर्यंत थांबणं. त्या मुलीला त्यासाठी वेगळे फॉर्म भरावे लागत होते, आणि तिच्या टेबलावर अशा दहा-बारा फायली होत्या. शेवटी तिने पेन वर धरून विचारलं, “अंकल, पक्का चक्कर होती की असंच?”

“असंच,” बाबा म्हणाले.

तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. घरी आल्यावर जिन्यात बाबा म्हणाले, “अक्कल आहे का? काढून टाकतील मला.”

त्यानंतर रविवारी जेवण झालं की बसायचं आणि आठवड्याचं एकदम उरकायचं, असं ठरलं. म्हणजे ठरवलं कोणी नाही, तसं सुरू झालं. डायरीची फाईल कपाटावर सगळ्यात वर असते. तळमजल्यावर राहत होतो तेव्हा नदीचं पाणी घरात आलं, तेव्हापासून आई सगळे कागद वरच ठेवते, आता तिसऱ्या मजल्यावर आलो तरी. बाबा फाईल काढून द्यायचे आणि आरामखुर्चीत मागे टेकून सांगायचे.

“लिही. चक्कर, नो. मळमळ, नो. पडणे, नो. पुढचा दिवस.”

“प्रेशर?”

“ते घाल तू. शंभराच्या वरचं काहीतरी.”

प्रेशर मोजायचं यंत्र डब्यातच होतं. मी आकडे घालायला लागले. सगळी पानं एका पेनने लिहिली तर कळेल, म्हणून निळं, काळं आणि ऑफिसकडून आलेलं एक जेल पेन असं आलटूनपालटून वापरलं. खरे आकडे शून्यावर किंवा पाचावर फार वेळा संपत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी सात, दोन, नऊ असे शेवट घातले. एखाद्या संध्याकाळी जरा जास्त, एखाद्या सकाळी जरा कमी. एका पानाच्या कोपऱ्यावर चहाचा थेंबही पाडला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा फक्त ‘नो’ म्हणत होते. बाकीचं सगळं माझं होतं आणि ते करताना, आता लिहायला लाज वाटते, पण मला जरा मजा येत होती.

बाबा पहिल्यांदा पडले ते बदलापूर स्टेशनच्या बाहेर, भाजीवाल्यासमोर. वाकून टोमॅटो निवडत होते, उठले आणि सरळ मागे बसले. भाजीवाल्याने पाणी दिलं. दुसऱ्यांदा जिन्यात, दोन पायऱ्या. कठडा हातात होता म्हणून निभावलं. दोन्ही वेळा गोळी घेऊन तासभर झाला होता. मला वेळ लक्षात राहते.

तिसऱ्यांदा, या व्हिजिटच्या आधीच्या गुरुवारी, बाथरूममध्ये. मी बाहेर लॅपटॉप घेऊन बसले होते. आवाज असा आला की आई मिक्सर बंद करून दाराशी गेली. आतून काही नाही. मग बाबांचा आवाज, अगदी शांत.

“बादली पडली.”

आईने परत जाऊन मिक्सर सुरू केला.

बाबा बाहेर आले आणि त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला. संध्याकाळी त्यांनी कपाटातून फुल बाह्यांचा शर्ट काढून घातला. मे महिन्यात. रात्री आई त्यांच्या दंडाला काहीतरी चोळत होती, दार लोटून, आणि दोघं कुजबुजत होते. मला त्या कुजबुजण्याचा इतका राग आला की मी हेडफोन घातले. रविवारी बाबा म्हणाले, “पडणे, नो,” आणि मी लिहिलं.

हॉस्पिटलात खुर्चीवर बसल्या बसल्या मी मोबाईलवर अशाच औषधांवरचे संशोधनाचे जुने पेपर उघडले होते. डॉक्टरांच्या भाषेतले, कोरडे. त्यांत शेवटाकडे एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं, औषध रुग्णांना चांगलं मानवलं, अशा अर्थाचं. या अभ्यासाचा पेपर निघेल तेव्हा त्यातही ते असेल. त्यात बाबांची सगळी पानं असतील, माझ्या सात, दोन आणि नऊसकट. आणि मग कुठल्या तरी दुसऱ्या गावात कुणा म्हाताऱ्याला कुणी डॉक्टर सांगेल, घ्या, याने चक्कर येत नाही. मी मोठ्या मनाची असते तर मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं असतं. मला कुणाचंच वाईट वाटत नव्हतं. मला त्या मुलीच्या गोड बोलण्याचा राग येत होता, बाबांच्या भुवयांचा राग येत होता, आणि गोळी दुप्पट झाल्यावर बाबा कुठे पडतील याचा हिशेब माझं डोकं आपोआप करत होतं. जिना. गॅस. फाटकाजवळचा रस्ता.

बाबा टॉयलेटला गेले तेव्हा मी आईला म्हटलं, “डबल करणार आहेत आज.”

“करू देत. डॉक्टरांना कळतं ना.”

“आपण सांगितलं तर कळेल.”

“तू काही बोलू नकोस हं.” तिने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. “तुझं काय, खोलीत जाऊन दार लावशील. ऐकावं मला लागतं.”

तिचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच मला तिचाही राग आला.

“चला अंकल,” ती मुलगी दारातून म्हणाली.

आत डॉक्टर होते. तरुण, झोप कमी झालेले, बोलायला चांगले. त्यांनी बाबांचं प्रेशर घेतलं, बसवून. ते छानच निघणार होतं, कारण बाबांना त्रास होतो तो गोळीनंतर, आणि व्हिजिटच्या दिवशी सकाळची गोळी घरी न घेता इथे येऊन त्यांच्यासमोर घ्यायची असते. टेबलावर नवा खोका आधीच काढून ठेवलेला होता, सीलबंद.

“चक्कर? डोळ्यांसमोर अंधारी?”

“छे.”

“कुठे पडलात-बिडलात?”

“साहेब, आयुष्यभर कंपनीत टाक्यांवर चढलोय मी. पडणाऱ्यातला नाही.”

“अंकल एकदम हीरो,” ती मुलगी म्हणाली आणि सगळे हसले. आईपण. बाबांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता, तो त्यांनी एकदाही उचलला नाही. मी डॉक्टरांकडे बघत होते. आता बघतील, आता विचारतील, हात का हलवत नाही. ते डायरीची पानं उलटत होते. प्रत्येक पानाखाली त्यांना छोटी सही करायची असते. पेनचं टोपण दाताने काढलं त्यांनी.

“अक्षर सुंदर आहे हो तुमचं.”

“मुलीचं आहे,” बाबा म्हणाले. “कॉन्व्हेंटची आहे ती. मी सांगतो, ती लिहिते.”

“अरे वा.” डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “रोजच्या रोज?”

“रोज,” बाबा म्हणाले. “जेवण झालं की पहिलं काम.”

डॉक्टर अजून माझ्याकडेच बघत होते, सहज, उत्तराची वाट न बघता. त्यांनी पहिली सही केली. दुसरी केली. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, इंग्लिशमध्ये, आठवडाभर घासूनपुसून ठेवलेलं, त्यात माफीही होती आणि बाबांचा मानही राखला होता. ते मला आठवेना. ती मुलगी खोक्याचं सील बघायला वाकली. आईने माझं मनगट धरलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते भिंतीकडे बघून हसत होते, आणि त्यांचा तो आवडत्या पेशंटचा चेहरा बघून मी तोंड उघडलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा खूप मोठा निघाला.

“रोज नाही. रविवारी, आठवड्याचं एकदम. प्रेशरचे आकडे मी मनाने घातलेत. बाबा तीन वेळा पडलेत. गोळी वाढवू नका.”