गंगाक्काचा वेगळा डबा

आमच्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना ‘शेरा’ असा आहे. बोटभर रुंद. त्यात ‘बीपी नॉर्मल’ किंवा ‘सल्ला दिला’ एवढंच मावतं. बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साठत जातं आणि कुणी चहाला भेटलं की बाहेर पडतं. आज तुम्ही सापडलात!

मी मूळची बिदर जिल्ह्यातल्या भालकीची. नर्सिंग कलबुर्गीला शिकले आणि नोकरी लागली खटकचिंचोळीजवळच्या एका गावात. दर गुरुवारी पन्नाशीच्या पुढच्या अकरा बायका उपकेंद्रात जमतात. आधी बीपी, वजन, आणि मग माझं भाषण: कुठलं तेल, किती तूप, त्याचा हृदयाशी काय संबंध. पाळी गेल्यावर बायकांच्या हृदयालाही धोका वाढतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी सांगणार. कंटाळल्या तरी सांगणार.

* * *

पहिल्या गुरुवारी हृदयाचा मोठा चार्ट लावला आणि विचारलं, हा आजार कुणाला होतो? सगळ्यांचं एकमत: पुरुषांना. बायकांना पित्त होतं.

कोपऱ्यात गंगाक्का बसली होती. वय चौसष्ट. तीन वर्षांपूर्वी तिचा जबडा आणि पाठ दुखायला लागली, दम लागला. ती दीड दिवस ओवा चघळत बसली. शेवटी बिदरला नेऊन स्टेंट घातला. पुन्हा असं झालं तर भरवसा नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं.

ती म्हणाली, “मला बी पित्तच झालतं. दवाखान्यात नेल्यावर त्याचं नाव बदललं.”

* * *

मग मी तेलांवर आले. करडीचं तेल, शेंगदाण्याचं तेल, जवस ही हृदयाला बरी. वनस्पती तूप वाईट. पामतेल आणि साजूक तूप बेतानं. आपल्या भागात करडी आणि जवस पिकतात, त्यामुळं मला वाटलं, अर्धी लढाई इथंच जिंकली.

महिन्याभरात शेवंताबाईचं वजन दीड किलो वाढलं. शेवंताबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात आज्ञाधारक बाई. चौकशी केली तर ती घरचं नेहमीचं सगळं खाऊन वर रोज सकाळी अर्धी वाटी करडीचं तेल पीत होती! शिवाय जवसाची चटणी. चटणीत खड्डा करून त्यात तूप.

“तूच चांगलं हाय म्हणलीस की,” ती म्हणाली. “मग चांगलं वाढवलं. पहिलं कामून सोडू?”

त्या दिवशी मी भिंतीवर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला: ‘ऐवजी’.

* * *

पुढचा गुरुवार ट्रान्स फॅटचा. बेकरीच्या खारीत, बिस्किटात वनस्पती तूप असू शकतं, ते नसांचं काय करतं, हे मी पाऊण तास तळमळीनं सांगितलं. घसा बसला. मग मीच मागवलेला चहा आला. सोबत खारी.

माझी दुसरी खारी चहात बुडाली होती, तेव्हा गंगाक्कानं विचारलं, “सिस्टर, ही तुझ्या चार्टात कुठं बसती?”

* * *

चार्टवर भागत नाही म्हणून मी घरोघर स्वयंपाकघरं बघायला निघाले. गंगाक्काच्या घरी तेलाचे दोन डबे होते. एक फळीवर, चकचकीत. दुसरा चुलीमागं, काळपट, चिकट. नातवंडांना शाळेतून आल्यावर भजी लागतात. तळून उरलेलं तेल या दुसऱ्या डब्यात जातं, त्यात पुन्हा तळण होतं, पुन्हा उरतं, शेवटी काळं पडतं.

“मग ह्याचं काय करता?”

“माझ्या भाजीला घेते,” गंगाक्का म्हणाली. “लेकरांला ताजं लागतंय.”

स्टेंट घातलेल्या बाईच्या भाजीला!

गुरुवारी मी बैठकीत विचारलं, असा डबा अजून कुणाकडं आहे? अकरांपैकी नऊ हात वर गेले.

* * *

मी तडक गंगाक्काच्या मुलाकडं गेले. सुभाषअण्णांचं बाजारात धान्याचं दुकान आहे. माणूस सभ्य. खुर्ची दिली, आईच्या गोळ्या एक दिवस चुकू देत नाही म्हणाले, आणि ते खरंही आहे. मी जळक्या तेलाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“सिस्टर, तेल ते तेल. एकदा तळलं म्हणून काय इख होतंय? आम्ही बी तेच खायलाव की.”

मी परत येऊन गंगाक्काला म्हणाले, तुम्हीच सरळ मागा ना ताजं तेल. तिनं माझ्याकडं बघितलं, जशी ती शाळकरी पोरींकडं बघते.

“दवाखाना मागितला. गोळ्या मागितल्या. आता तेल बी मागू व्हय?”

* * *

त्या रविवारी रागारागात भालकीला घरी गेले. आईला सगळं सांगत होते, सांगता सांगता वाकून गॅसच्या ओट्याखाली हात घातला. डबा होताच.

“ठेव ते खाली,” आई म्हणाली. “ते माझं हाय.”

म्हणजे नर्सिंगची चार वर्षं मी ताज्या तेलावर शिकले.

* * *

आणि आता येळवसचं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवतात. गंगाक्कानं मलाही बोलावलं होतं. ज्वारी कमरेपर्यंत आलेली, कडब्याच्या खोपीत पूजा झाली, घोंगड्या अंथरल्या. ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आंबील आणि भज्जी, म्हणजे डाळी-पालेभाज्यांची घट्ट भाजी. पातेली दोन होती. मोठ्यातलं सून सगळ्यांना वाढत होती. छोटं गंगाक्कानं स्वतःजवळ ठेवलं होतं. मला वाटलं, पथ्याचं असेल.

सुभाषअण्णा बसले. सून पुढं झाली तशी गंगाक्कानं तिला हातानं थांबवलं आणि छोट्या पातेल्यातलं त्यांच्या ताटात वाढलं. भरपूर.

अण्णांनी घास घेतला. चावायचे थांबले. शेजारी पोरं मजेत जेवत होती, त्यांच्या ताटांकडं बघितलं. मग तोंडातला घास कसाबसा गिळून म्हणाले,

“माय, ह्याला वास यायलाय. हे खराब झालंय.”

गंगाक्कानं त्यांचं ताट स्वतःकडं ओढलं, उंडा मोडला, त्याच भज्जीत कालवला आणि खायला लागली.

“खराब न्हाई, बाळा,” ती म्हणाली. “रोजचंच हाय.”