मागचा जिना

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसचे जुने नकाशे मी धंतोलीतल्या एका दुकानात देतो. तिथला माणूस ते स्कॅन करतो आणि मग एकेक रेघ कॉम्प्युटरवर स्वतः काढतो. कागदाला शिवण्याआधी हात धुतो, शर्टाला पुसतो. मी नकाशावर पट्टी लावली की खेकसतो, "मोजू नका गा! पावसाळ्यात कागद फुगते, त्याच्यावर लिवलेला आकडा नाई फुगत."

आज सकाळी एका दवाखान्याचा नकाशा नेला. मागचा जिना बुजवून तिथे दवाखान्यावाल्यांनी खोल्या केल्या आहेत. फाइल अग्निशमन खात्यात द्यायची होती, म्हणून साहेबांचा निरोप मी सांगितला: जिना दिसता कामा नये, मूळ नकाशातच नव्हता असं वाटलं पाहिजे.

त्यानं माउस सोडला. "काहून पुसू? आग लागली तं पेशंट कुठून उतरतीन? मी कागद उतरवून राहिलो, तुमच्या साहेबाची मर्जी नाई."

"मग दुसरीकडे देतो."

"द्या. माह्या फाइलीत जिना राहीन."

नकाशा मात्र मी त्याच्याकडेच ठेवला, आणि संध्याकाळी त्याची फाइल आली. काळ्या स्क्रीनवर सगळ्या रेघा पांढऱ्या, जिना तेवढा वेगळ्या लेयरवर, लालभडक. एक बटण दाबून मी तो लेयर बंद केला असता तर जिना गेला असता.

मी फाइल तशीच अग्निशमन खात्याला पाठवली. साहेबांना उद्या सांगेन.